नऊ फुटी पट्टी

मॅटिनीला शाळा येणार म्हटलं की आमच्या वेशभूषा विभागात कपाळाला आठ्या पडतात. खेळ संपल्यावर ‘कलाकारांशी गप्पा’ असतात. गप्पा कलाकारांच्या, पसारा आमचा.

इंग्लंडमध्ये, लँकेशरमधल्या एका थिएटरात ‘जर्नीज एंड’ला मी ड्रेसर, म्हणजे नटांना कपडे चढवणारी, होते. आर. सी. शेरिफचं १९२८चं नाटक. पहिलं महायुद्ध, मार्च १९१८, फ्रान्समधला खंदक, मोठ्या जर्मन हल्ल्याआधीचे दिवस. शाळेतून थेट आलेला रॅले काकाचा वशिला लावून सैन्याच्या याच तुकडीत येतो, कारण कप्तान स्टॅनहोप हा त्याचा शाळेतला हीरो. छाप्यासाठी निवड झाली तर हरखून जातो. बाकीच्यांचे कोट झिजलेले दिसावेत म्हणून मी कोपराला किसणी फिरवली, सँडपेपर मारला, मुलतानी माती चोळली. रॅलेचा कोट मात्र दिग्दर्शकाला सुरुवातीला कडक इस्त्रीचा हवा.

सैनिक पोटरीला गुंडाळत त्या कापडी पट्ट्या हा माझा खास प्रांत. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्याकडचाच, पट्टीवरून गेलेला. सुमारे नऊ फूट लांब. पायदळवाले घोट्यापासून वर गुंडाळत, घोडदळवाले गुडघ्याकडून खाली. पोटरी जिथे फुगते तिथे सैल पडली की दुसऱ्या अंकात घसरलीच, घट्ट झाली की नटाच्या पायाला मुंग्या. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, वेल्क्रो लाव. मी लावला नाही. वेल्क्रोची पट्टी बँडेजसारखी दिसते.

त्या दिवशी गप्पा आटोपल्यावर एक पोरगा कपड्यांच्या रॅकपाशी रेंगाळला. पंधराचा असेल. “मिस, ही पायाला कशी राहते?” इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. नियमानं नाही म्हणायला हवं होतं. पण मी त्याला खुर्चीत बसवलं, उजवा पाय बांधला, वर रॅलेचा कोट चढवला. आमचा रॅले सव्वीस वर्षांचा, त्याला कोट खांद्यात काचतो. या पोराला मापाचा बसला. तो ताठ उभा राहिला तसे मित्र आधी गप्प झाले, मग सगळ्यांचे फोन बाहेर आले.

“मी हॅरोगेटला जाणार आहे,” तो म्हणाला. तिथे सैन्याचं कॉलेज आहे. ब्रिटनमध्ये पालकांच्या संमतीनं सोळाव्या वर्षी भरती होता येतं, लढाईवर मात्र अठराआधी पाठवत नाहीत.

“नाटक पाहिलंस ना आत्ता?”

“हो मिस. भारी. रॅले बेस्ट.”

“तो मरतो रे.”

“हो, पण शेवटी स्टॅनहोप त्याला जिमी म्हणतो.”

यावर मला काही सुचलं नाही. पूर्ण नाटकभर स्टॅनहोप त्याच्याशी तुटकपणे वागतो, आणि पाठीचा कणा मोडून तो पडल्यावरच जिमी म्हणतो. पोरानं बरोबर तेच उचललं होतं. आमच्या शैक्षणिक विभागाच्या पत्रकात हे ‘युद्धविरोधी नाटक’ आहे. पत्रक लिहिणारे मॅटिनीला बसत नाहीत.

“डावा मी बांधू?” त्यानं विचारलं. मी गुंडाळी हातात दिली. नाडीचं टोक आत, मोकळं बाहेर, एवढंच सांगितलं. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, पोटरीपाशी किंचित तिरका घेत, त्यानं पहिल्याच खेपेला गुडघ्याखाली नाडी बांधली. आमच्या नटाला चार आठवड्यांत ते जमलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शाब्बास!”