अक्षर त्याचंच आहे ना?

रविवार, रात्री उशिरा

दुपारपासून पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे वाचतेय. डिसेंबर १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी इस्पितळ उघडलं. दिवाणखान्यात खाटा मांडल्या. आजारी, जखमी शिपाई तिथून घरी पत्रं धाडत आणि ती सेन्सॉरच्या हातून जात. त्या कचेरीने इंग्रजीत उतरवलेले तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ कागद बहुतेक गेलेच.

पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. इकडे कुणीतरी लिहून द्यायचं, तिकडे गावात कुणीतरी वाचून दाखवायचं. मधे सेन्सॉर. बायकोशी बोलायचं तेही एवढ्या माणसांदेखत! रात्री खोकल्याने झोप लागत नाही, हे त्याने सांगावं तरी कसं?

मराठा पलटणींच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. भाजीपाला संपला. घोड्याचं मांस धर्मापायी अनेकांनी बरेच दिवस नाकारलं. हिरड्या सुजल्या, अंगात त्राण उरलं नाही, आणि शेवटी तुर्कांची कैद. तेव्हा कोकणात, घाटावर किती घरांनी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावले असतील! मला राहून राहून ती घरंच दिसतायत.

आणि आमच्या शेजारच्या काकू. मुलगा फौजेत. त्याची पत्रं मी वाचून दाखवायचे, तेव्हा पाचवीत असेन. पाकीट फोडायच्या आधीच त्या विचारायच्या, "अक्षर त्याचंच आहे ना गं?" एकदा ते नव्हतं. मजकूर नेहमीचाच, 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' मी खरं सांगून टाकलं. काकू उंबऱ्यातच बसल्या. त्याला कावीळ झाली होती, हे पुष्कळ दिवसांनी कळलं.

ब्रायटनहून आलेल्या अशा पत्रांत ही खूणही नव्हती. अक्षर पहिल्यापासून परक्याचंच.

काकूंनी त्याच संध्याकाळी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. आजाराचा शब्द काढला नाही. गाय व्यायली, पाऊस बरा आहे, आणि अगदी खाली: पुढचं पत्र दोनच ओळींचं चालेल, पण तुझ्या हाताने लिही.