मेंढीकोटातून ब्रिजकडे: नडणाऱ्या सवयी

मेंढीकोट पक्का येणाऱ्याला ब्रिज शिकवणं सोपं, आणि त्याच कारणाने अवघडही. समोर बसलेला भिडू, तेरा-तेरा पानं, उतारी, हुकूम, हात करणं हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. पण अंगात मुरलेलं आहे म्हणूनच डमी (डाव खेळणाऱ्याच्या भिडूची पानं, जी सगळ्यांसमोर मांडतात) उघडायच्या आत पान टेबलावर पडतं. क्लबात नवीन आलेल्यांच्या चुका बघितल्या तर त्यांचं मूळ बहुतेक वेळा घरच्या पत्त्यांतच सापडतं.

साधी दश्शी घ्या. मेंढीकोटात सगळा जीव त्या चार दश्श्यांत असतो. ब्रिजमध्ये गुण मोजताना एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ धरतात. गड्डीत एकूण ४०. दश्शी शून्य. मग नवशिका तिला दुर्रीच्या पंगतीला बसवतो आणि तेही चुकतं. एकटी दश्शी फुकट, पण वरच्या पानांच्या शेजारी असली तर तिचं वजन वाढतं. तुमच्याकडे एक्का-गुलाम-दश्शी आणि डमीत तीन बारीक पानं असतील, तर डमीतून दोनदा फिनेस घ्या, म्हणजे डमीतून बारीक पान उतरून हातातून एक्का न मारता गुलाम किंवा दश्शी टाका. राजा आणि राणी दोन्ही तुमच्या मागच्या खेळाडूकडे असतील तेव्हाच दोन हात होणार नाहीत. चारातल्या तीन वेळा होतात. दश्शीऐवजी पंजी असती तर ही बात नाही.

सगळ्यात महाग पडणारी सवय म्हणजे ‘एक्का आहे ना, मग मार’. घरी एक्का धरून ठेवला तर पुढच्या फेरीत कोणी हुकूम मारेल ही भीती खरी असते. नो ट्रम्पमध्ये हुकूमच नसतो, त्यामुळे ती भीतीही नसते. हा डाव पाहा. तुम्ही साऊथ, कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत कबूल केलेला आकडा, ३ नो ट्रम्प. सहाच्या वर तीन, म्हणजे नऊ हात हवेत.

डमी (नॉर्थ): इस्पिक ७, ४, बदाम राजा, ६, ३, चौकट एक्का, गुलाम, १०, ९, ४, किलवर राजा, ८, ५.

तुम्ही (साऊथ): इस्पिक एक्का, ८, ३, बदाम एक्का, राणी, ५, २, चौकट राणी, ८, २, किलवर एक्का, ७, ४.

वेस्टची उतारी इस्पिकची पंजी. डमीतून चव्वी, ईस्टची राणी. आता थांबा. पानाला हात लावण्याआधी रोकडे हात मोजा: इस्पिक १, बदाम ३, चौकट १, किलवर २. झाले सात. कमी पडणारे चौकटीत मिळतील, कारण चौकटीचा राजा गेला तरी चार हात तुमचेच. प्रश्न एवढाच, की तो राजा ज्याच्याकडे निघेल तो पुढे काय उतरेल.

समजा वेस्टकडे इस्पिक राजा, गुलाम, ९, ५, २ आहेत आणि ईस्टकडे राणी, १०, ६. तुम्ही पहिल्याच फेरीत एक्का मारलात, मग चौकटीची राणी फिरवलीत, म्हणजे ती उतरून डमीतून बारीक पान टाकलंत, आणि ईस्टने राजा घेतला. तो इस्पिकची दश्शी उतरतो आणि त्यांचे इस्पिकात चार हात होतात. राजा धरून पाच. कॉन्ट्रॅक्ट एकाने पडलं.

आता तिर्री टाका. ईस्ट दश्शी उतरेल, तुम्ही अठ्ठी टाका. तिसऱ्या फेरीला एक्का. ईस्टकडचं इस्पिक संपलं. आता चौकटीची राणी फिरवा. ईस्टने राजा घेतला तरी भिडूकडे पोचायला त्याच्याकडे इस्पिक नाही. दोन इस्पिक, एक चौकट एवढेच हात गेले, तुमचे दहा झाले. राजा वेस्टकडे असता तर फिनेसच लागला असता. आणि इस्पिक दोघांकडे चार-चार असते तर ईस्टकडे एक उरलं असतं, पण मग त्यांचे इस्पिकात तीनच हात होतात, चौकटीचा एक धरून चार. नऊ तरीही तुमचे.

किती वेळा धरायचं याचा ‘सातचा नियम’ आहे. त्या सूटची (इस्पिक, बदाम अशा रंगाची) तुमची आणि डमीची पानं मिळवा, सातातून वजा करा. इथे तीन अधिक दोन पाच, म्हणून दोनदा सोडा. दोन्हीकडे मिळून सहा असती तर एकदाच.

नियम पाठ झाला की लोक डोळे मिटून सोडत सुटतात, म्हणून अपवादही सांगतो. दुसरी एखादी सूट याहून कच्ची असेल, तर सोडलेल्या हातावर शत्रू तिकडे वळतो आणि जास्त लुटतो. तेव्हा एक्का घेऊन मोकळं व्हा. दुसरी जागा एक्का-गुलाम-बारीक अशी पानं असतील तेव्हाची. वेस्टने बारीक पान उतरलं आणि ईस्टने राजा किंवा राणी टाकली, तर आधी हे ठरवा की पुढे हात कोणाकडे जाणार आहे. वेस्टकडे जाणार असेल तर लगेच एक्का घ्या, उरलेला गुलाम त्याला अडवतो. ईस्टकडे जाणार असेल तर तो गुलामाच्या अंगावरून उतरेल, म्हणून तिथे सोडणंच बरं.

हुकमाच्या डावातली सवय याच्या उलट बाजूची. ‘आधी शत्रूचे हुकूम काढ’ हा सल्ला चांगलाच आहे, पण डमीतले हुकूम कामाला लावायचे असतील तेव्हा नाही. ४ इस्पिक खेळताय. तुमच्याकडे हुकमात एक्का, राजा, गुलाम, १०, ५. बदाम एक्का, ७, ४. चौकट एक्का, ६, ३. किलवर ८, ५. डमीत हुकूम राणी, ८, ३, बदामाची एकटी नव्वी, किलवरचा एक्का आणि बाकी भरताड. वेस्ट किलवरचा राजा उतरतो.

तुमचे पाच हुकूम आणि तीन एक्के, आठ झाले. उरलेले दोन डमीत बदाम कापून. हुकमाच्या तीन फेऱ्या ओढल्या की डमी रिकामी आणि तुम्ही आठवर अडकलात. दोन ओढल्या तर नऊ. म्हणून एकही ओढू नका. किलवरचा एक्का, बदामाची नव्वी एक्क्याकडे, बदाम तिर्रीने कापा, चौकटीने एक्क्याकडे परत या, तिसरा बदाम राणीने कापा. राणीनेच, कारण वेस्ट-ईस्टपैकी कोणाचे बदाम संपले असतील तर अठ्ठीवर नव्वी पडू शकते. आणि हातात एक्का, राजा, गुलाम, दश्शी असताना राणी वाचवून मिळवणार काय? मग अठ्ठी उतरून हातात या आणि आता खुशाल हुकूम काढा. शत्रूचे पाच हुकूम तीन-दोन असे ६८ टक्के वेळा असतात, चार-एक २८ टक्के. इथे चार-एक असले तरी दहा होतात.

‘कॉन्ट्रॅक्ट झालं ना, बास’ हेही घरचंच. क्लबात डुप्लिकेट खेळतात, म्हणजे तीच पानं प्रत्येक टेबलावर फिरतात आणि तुमची तुलना तुमच्याच दिशेच्या बाकी जोड्यांशी होते. हरवलेल्या प्रत्येक जोडीमागे २ मॅचपॉइंट, बरोबरीला १. आठ टेबलं असतील तर कमाल १४. वरचा ३ नो ट्रम्पचा डाव घ्या, व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढवणारी अवस्था) नसताना. नऊ हातांचे ४००, दहांचे ४३०. पाच जोड्यांनी दहा केले, तुम्ही आणि आणखी एकाने नऊ, आणि एकजण पहिलाच एक्का मारून पडला. तुमचे मॅचपॉइंट १४ पैकी ३. फरक फक्त तीस गुणांचा, पण निकालात तुम्ही तळाला. उलट बाजूला, व्हल्नरेबल असताना दोनने पडून दिलेले २०० फार वाईट, कारण शत्रूने स्वतःचा छोटा डाव खेळून ११० किंवा १४०च मिळवले असते.

खुणांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. खोकणं, नाक खाजवणं, पान जोरात आपटणं हे घरी हसण्यावारी जातं. क्लबात ती फसवणूक धरली जाते. पानांमधून खुणा करायला मात्र पूर्ण मुभा आहे. भिडूने एक्का उतरला आणि तुम्ही नव्वी टाकलीत तर ‘हेच चालू दे’, दुर्री टाकलीत तर ‘दुसरं बघ’. अट एकच: तुमचे संकेत प्रतिस्पर्ध्यांनाही माहीत हवेत. त्यासाठी कन्व्हेन्शन कार्ड भरून टेबलावर ठेवायचं, आणि विचारलं तर भिडूच्या बोलीचा अर्थ सांगायचा. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं. तिथेही हाच नियम. बोली लावताना रेंगाळलात तर तीही भिडूला दिलेली माहिती ठरते, आणि भिडूने तिचा फायदा घेतला तर डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचा पंच, निकाल बदलू शकतो.

आता टेबलावरच्या बारीक गोष्टी. पान मधल्या ढिगात टाकायचं नाही, आपल्यासमोरच ठेवायचं. हात संपला की उलटं करायचं: जिंकला असेल तर उभं, म्हणजे भिडूच्या दिशेने, हरला असेल तर आडवं. शेवटी किती हात झाले याचा वाद निघाला तर हीच रांग पुरावा असते, म्हणून निकाल लिहून होईपर्यंत पानं गोळा करू नका.

पहिली उतारी उलटी ठेवा आणि भिडूने होकार दिला की सुलटी करा. उतारी तुमची नसेलच, तर एवढ्यावर निभावतं. पान उघडं पडलं तर डिक्लेअररला (कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याला) पाच पर्याय मिळतात आणि पाचही तुम्हाला महागात पडू शकतात.

सूट असताना दुसरं पान टाकलं तर तो रिव्होक. तुम्ही किंवा भिडूने पुढच्या हाताला पान खेळण्याआधी लक्षात आलं तर सुधारता येतो, फक्त बचाव करणाऱ्याचं चुकीचं पान पेनल्टी कार्ड म्हणून टेबलावर उघडं राहतं. नंतर कळलं तर एक किंवा दोन हात द्यावे लागतात. तो हात खुद्द चुकणाऱ्याच्या पानाने जिंकला आणि नंतर त्याच्या बाजूने आणखी किमान एक हात केला, तर दोन. कुठल्याही गोंधळात आधी डायरेक्टरला हाक मारा. आपसात ‘जाऊ दे’ म्हणून मिटवलेलं प्रकरण पुढच्या टेबलावर जाऊन चिघळतं.

बोर्डातून (पानं ठेवायच्या चार खणांच्या पेटीतून) पानं काढली की बघण्याआधी उलटीच मोजा. तेरा नसतील तर गेल्या फेरीत कोणाचं तरी पान दुसऱ्याच्या खणात गेलंय, आणि ते तुम्ही पानं बघण्याआधी कळलं तर डाव वाचतो. परत ठेवताना पानं पिसून ठेवा. तेरा हात खेळल्या क्रमाने लागलेली पानं पुढच्याला डाव कसा झाला ते सांगून टाकतात.