शांघायचं मिक्स्ड कोर्ट आणि शिरस्तेदाराची खुर्ची

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीतलं, म्हणजे परकीयांच्या पालिकेने चालवलेल्या भागातलं, मिक्स्ड कोर्ट (चिनी न्यायाधीश आणि परकीय प्रतिनिधी एकत्र बसत ते) चीनला परत कसं मिळालं, हे बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलं जातं: 1926 मध्ये करार झाला आणि 1 जानेवारी 1927 पासून कोर्ट चिनी झालं. पण न्यायाधीश तर आधीही चिनीच होते. खरी ओढाताण झाली ती कोर्टाच्या कचेरीवर (तिचा प्रमुख कारकून म्हणजे शिरस्तेदार), पोलिसांवर आणि तुरुंगावर. करार वाचायचा तो ही कलमं आधी काढून.

मूळ व्यवस्था थोडक्यात अशी. 1864 मध्ये सुरू झालेल्या या कोर्टाचे नियम 1869 मध्ये ठरले. वसाहतीतल्या चिनी माणसांवरचे दावे आणि खटले चिनी दंडाधिकारी चालवी. परकीयाचा संबंध असेल तर त्याच्या वकिलातीचा असेसर, म्हणजे सहबैठकीचा प्रतिनिधी, शेजारी बसे, निव्वळ चिनी दाव्यात त्याने पडायचं नव्हतं. देहान्ताच्या शिक्षेचे गुन्हे शहराच्या चिनी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जात. करारहक्क असलेला, म्हणजे तहाने चिनी कोर्टांच्या कक्षेबाहेर ठेवलेला, परकीय आरोपी इथे येतच नसे. ब्रिटिश प्रजाजनांसाठी 1865 पासून शांघायमध्येच वेगळं ब्रिटिश न्यायालय होतं, आणि वसाहतीच्या पोलिसातले शीख शिपाईही त्याच कक्षेत येत.

1911 च्या क्रांतीत दंडाधिकारी पळून गेले आणि वकिलातींनी कोर्ट ताब्यात घेतलं. न्यायाधीशांची नेमणूक वकिलाती करू लागल्या, असेसर निव्वळ चिनी दिवाणी दाव्यांतही बसू लागले, आणि चीनच्या वरच्या कोर्टात अपील करण्याची वाट बंद झाली. यातल्या कशालाही तहाचा आधार नव्हता. म्हणूनच वसाहतीच्या पोलिसांनी चिनी निदर्शकांवर केलेल्या 30 मे 1925 च्या गोळीबारानंतर शांघायच्या चिनी व्यापाऱ्यांनी ज्या 13 मागण्या केल्या, त्यांत कोर्ट परत करा हीही होती.

पेकिंगमधली, म्हणजे केंद्र सरकारशी चाललेली, बोलणी अडकल्यावर प्रश्न शांघायमध्येच सोडवायचं ठरलं. एका बाजूला वकिलाती, दुसऱ्या बाजूला जिआंगसू प्रांताचं सरकार, म्हणजे सेनानी सुन चुआनफांग. त्याच्या वतीने बसले दिंग वेनजिआंग, जे मुळात नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि परराष्ट्र खात्याचे स्थानिक आयुक्त शू युआन. 31 ऑगस्ट 1926 ला सह्या झाल्या.

या ‘हंगामी न्यायालया’च्या कराराची मुदत तीन वर्षांची. वसाहतीच्या शांतता-सुव्यवस्थेशी थेट संबंध असलेल्या फौजदारी खटल्यात वकिलातीचा प्रतिनिधी बसून पाहू शके आणि हरकत नोंदवू शके, पण निकाल वैध ठरायला त्याची संमती लागत नसे. परकीय फिर्यादी असेल तर मात्र सहबैठक कायम. फाशी आणि दहा वर्षं व त्यापुढच्या कैदेसाठी प्रांताची मंजुरी. आणि शिरस्तेदार? तो वरिष्ठ कॉन्सुलच्या, म्हणजे परकीय वकिलातींच्या प्रमुखाच्या, शिफारशीने. ही मला सगळ्यात बोचणारी अट वाटते. दावा दाखल करून घेणं, दफ्तर सांभाळणं, समन्स काढणं हे सगळं ज्याच्या हाताखालून जातं, तो माणूस कोर्टाचा नाही. त्यात वॉरंट बजावणारे पोलीसही पालिकेचेच.

दुसरी कमजोरी सह्यांतच होती. करार प्रांताशी झालेला, केंद्राशी नाही. मार्च 1927 मध्ये राष्ट्रवादी सैन्य शांघायमध्ये आलं आणि सह्या करणारं सरकारच तिथून गेलं. मागे उरलं ते कोर्ट, जे नव्या सत्तेला मान्य नसलेल्या अटींवर चालू होतं.

म्हणून 17 फेब्रुवारी 1930 चा नानजिंग करार जास्त भक्कम. चीनबरोबर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, नॉर्वे आणि ब्राझील यांच्या सह्या. 1 एप्रिलपासून विशेष जिल्हा न्यायालय, त्यावर उच्च न्यायालयाची शाखा आणि तिथून चीनच्या सर्वोच्च न्यायालयात अपील. परकीय प्रतिनिधी कायमचे उठले. पालिकेच्या पोलिसांनी पकडलेल्या माणसाला सुट्ट्या वगळून 24 तासांत कोर्टापुढे उभं करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. एवढी एक अट आधीच्या साठ वर्षांतल्या सगळ्या निषेधपत्रांपेक्षा मोलाची. न्यायालयीन पोलीस मात्र पालिकेच्या शिफारशीनेच नेमले जात, आणि बहुतेक गुन्ह्यांत फिर्यादीची बाजू पालिकेचा वकील मांडी, कारण चिनी सरकारी वकिलाचे अधिकार करारात आवळून ठेवले होते. अर्थ लावण्यावरून तंटा झाला तर चार कायम प्रतिनिधी, दोन चीनचे आणि दोन समोरच्या बाजूचे. त्यांचा अहवाल दोन्ही बाजूंना मान्य झाला तरच बंधनकारक. 1933 मध्ये हा करार पुन्हा तीन वर्षांसाठी वाढवला.

फ्रेंच वसाहतीचं कोर्ट वेगळं होतं. त्याचा करार 28 जुलै 1931 ला झाला. परकीय प्रतिवादीला चिनी कोर्टात उभं करण्याचा प्रश्न यांतल्या एकाही करारात नव्हता. ब्रिटन आणि अमेरिकेने आपल्या माणसांना चिनी कोर्टांबाहेर ठेवण्याचा हक्क सोडला 11 जानेवारी 1943 च्या तहांनी, आणि तेव्हा शांघाय जपानी ताब्यात होतं.