लाल दिव्यापुढे तीन दिवस: विजेच्या गाडीतील मुक्कामाचा माझा अनुभव

विजेवर चालणारी गाडी फिरते घर म्हणून, म्हणजे प्रवास, झोप आणि स्वयंपाक हे तिन्ही सांभाळणारी कॅम्पर म्हणून, आपल्याकडे वापरता येते का, असे मला हल्ली बरेच जण विचारतात. येते, असे माझे उत्तर आहे आणि गेल्या दिवाळीनंतर केलेल्या मुक्कामी सहलींच्या आधारे मी ते देतो आहे. परंतु गुहागर तालुक्यातील एका किनाऱ्यावर, एका पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटपुढे आमचे जे तीन दिवस गेले, त्यांचा त्रागा अजून मनातून गेलेला नाही. त्यामुळे या लेखात गाडीपेक्षा त्या सॉकेटविषयीच अधिक लिहिले जाणार आहे.

सुरुवातीला माझ्या डोळ्यांपुढे खरीखुरी व्हॅन होती. युरोपात फोक्सवॅगनची ७७ किलोवॉट-तास बॅटरीची आयडी बझ २०२२ पासून रस्त्यावर आहे आणि तिच्यात संसार मांडून फिरणाऱ्या लोकांच्या चित्रफिती पाहूनच आम्हा दोघांच्या मनाने हा विषय घेतला होता. आपल्याकडे विजेवरची पेटीबंद गाडी शोधायला गेल्यावर समोर येतात ती टाटा एस ईव्ही किंवा महिंद्रा झिओ यांसारखी मालवाहू वाहने. त्यांची बॅटरी एकवीस किलोवॉट-तासांच्या घरातली, पल्ला शहरातील फेऱ्यांना पुरेल इतका आणि नोंदणी मालवाहतुकीची. अशा वाहनात पलंग आणि ओटा कायमचा बसवून घ्यावा म्हटले, तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हेच कलम कसोशीने लावले आहे. आरटीओत एक सकाळ घालवल्यावर आणि विमा प्रतिनिधीशी बोलल्यावर मी तो विचार सोडून दिला. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी प्लायवूड आणण्याआधी विम्याची अट वाचावी, कारण परवानगीविना बदललेल्या गाडीचा अपघाताचा दावा विमा कंपनीने नाकारला, तर हाती काही उरत नाही.

शेवटी आम्ही तीन रांगांची किया कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही घेतली. बॅटरी ५१.४ किलोवॉट-तासांची, कंपनीने सांगितलेला पल्ला ४९० किलोमीटर आणि सामानासह महामार्गावर मला प्रत्यक्ष मिळणारा पल्ला साडेतीनशेच्या आसपास. मागच्या दोन रांगा पाडल्यावर जी उंचसखल जागा उरते, तिच्यावर बारा मिलिमीटर प्लायच्या तीन सुट्या पेट्या ठेवून आम्ही सपाट बिछाना करतो. गाडीला एकही भोक पाडलेले नाही आणि एकही स्क्रू मारलेला नाही. पेट्या पट्ट्यांनी आवळलेल्या असतात आणि घरी परतल्यावर दहा मिनिटांत बाहेर निघतात. गाडीच्या बॅटरीतून घरगुती उपकरणांना वीज घेण्याची सोय असल्यामुळे चहा, खिचडी आणि अंडी इंडक्शन शेगडीवर होतात. दोन वेळचा स्वयंपाक मिळून दीड-दोन युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) वीज लागते. कोकणातील उकाड्यात रात्रभर एसी चालू ठेवला, तर सहा ते आठ युनिट जातात, म्हणजे बॅटरीचा साधारण सातवा हिस्सा. डिझेल गाडीत रात्रभर एसी हवा असेल, तर रात्रभर इंजिन चालू ठेवावे लागते. आमच्या गाडीत आवाज नाही आणि धूरही नाही. हे सुख ज्याने एकदा अनुभवले, तो जुन्या पद्धतीकडे परत जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

या सगळ्या हिशेबाचा पाया मात्र एकच आहे: रात्री जिथे थांबायचे तिथे गाडी चार्ज झाली पाहिजे. पंधरा ॲम्पिअरच्या चांगल्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर तासाला सुमारे तीन युनिट भरतो. संध्याकाळी सातला लावला आणि सकाळी सातला काढला, तर छत्तीस युनिट, म्हणजे बॅटरीचा सत्तर टक्के भाग भरून निघतो. मुक्कामाच्या जागी हे जमले, तर जलद चार्जिंग केंद्राकडे फिरकण्याचीही गरज राहत नाही. हे जमले नाही, तर दुसऱ्या दिवशीची सहल म्हणजे चार्जर शोधत फिरणे होऊन बसते.

म्हणूनच नोव्हेंबरच्या अखेरीस निघण्यापूर्वी मी किनाऱ्यावरील त्या तंबू-निवासाला दोनदा फोन केला होता. विजेची गाडी चार्ज करण्याची सोय आहे असे त्यांच्या जाहिरातीत होते आणि फोनवरही तेच सांगण्यात आले. त्या भरवशावर आम्ही पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर असे कुंभार्ली घाटाने उतरलो. घाटाच्या उतारावर बॅटरीत थोडी भरच पडली, चिपळूणचे जलद चार्जिंग केंद्र मागे टाकले आणि पावणेतीनशे किलोमीटर पुरे करून शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा बॅटरी चोवीस टक्के होती. प्लग लावला, चार्जरवर लाल दिवा लागला, आणि अर्थिंगमध्ये, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीत, दोष असल्याची खूण गाडीच्या पडद्यावर उमटली.

व्यवस्थापकाने पहिले उत्तर दिले, "साहेब, इथे सगळ्यांच्या गाड्या होतात, तुमच्याच चार्जरमध्ये काही असेल." मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर बाहेर काढला. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांमध्ये २२८ व्होल्ट होते. फेज आणि अर्थ यांमध्येही जवळजवळ तेवढेच हवेत, तिथे १३१ होते. न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये दोन-चारच्या वर असू नयेत, तिथे ९६ होते. हे आकडे एकच गोष्ट सांगत होते: सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार असेल किंवा नसेल, जमीन मात्र नव्हती. व्यवस्थापकाने आकडे पाहिले आणि वायरमनला सकाळी बोलावतो असे सांगितले. त्या रात्री आम्ही एसी लावला नाही, शेगडीही लावली नाही. त्यांच्याच खानावळीत जेवलो आणि काचांना मच्छरदाणी लावून झोपलो.

शनिवारी वायरमन आले नाहीत. दहा वाजता येतात असे होते, मग जेवून येतात असे झाले, मग शेजारच्या गावात लग्नाच्या मांडवाचे काम निघाल्याचे कळले. दर दोन तासांनी मी कार्यालयाच्या खोपटापर्यंत जात होतो आणि परतून लाल दिव्याकडे पाहत होतो. जवळच समुद्र असूनही माझे लक्ष त्या दिव्याच्या पलीकडे गेले नाही, हे मी कबूल करतो. हेदवीचे दशभुजा गणेश मंदिर आणि बामणघळ पाहायचे ठरले होते. परतीच्या चढासाठी टक्के राखून ठेवायचे म्हणून आम्ही जागेवरून हललो नाही.

त्याच दुपारी व्यवस्थापकाने तोडगा सुचवला. सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून एक तुकडा काढून तो अर्थच्या पिनेला जोडला की दिवा हिरवा होतो, मागच्या महिन्यात एका पाहुण्याने तसेच केले होते, असे त्याचे म्हणणे होते. दिवा खरोखरच हिरवा होतो, कारण चार्जरची समजूत तेवढ्याने पटते. परंतु पुढे कुठे न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली, तर त्याच तुकड्यावाटे गाडीचा संपूर्ण लोखंडी सांगाडा २३० व्होल्टला जाऊन बसतो. किनाऱ्यावरच्या खारट हवेत गंजलेल्या जोडण्या पाहता हे मुळीच दूरचे नाही. साधी गाडी चार्जिंगला लावून माणूस निदान दूर जातो. आम्ही त्याच गाडीत झोपणार होतो आणि पहाटे दवाने भिजलेल्या वाळूवर अनवाणी पाय ठेवून तिच्या दाराला हात लावणार होतो. मी स्पष्ट नकार दिला. बाजारात याच कामासाठी मिळणारे छोटे अडॅप्टरही वापरू नयेत, असे मी इथे कळकळीने सांगतो, विशेषतः ज्यांच्याबरोबर मुले असतात त्यांना.

रविवारी साडेदहाला वायरमन आले. वयस्कर गृहस्थ होते आणि त्यांच्यावर माझा राग टिकला नाही, कारण त्यांनी आल्या आल्या माझे आकडे नीट विचारून घेतले. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब होल्डरमध्ये लावून फेज आणि अर्थ यांमध्ये धरला, तेव्हा बल्बमधली तार केवळ तांबूस झाली. अर्थिंग चांगले असते तर तो लख्ख पेटला असता. (ही तपासणी वायरमनलाच करू द्यावी, आपण मल्टिमीटरवर थांबावे.) मग त्यांनी बोर्ड उघडला. हिरवी तार आतपर्यंत होती, पण पुढे ज्या पाइपला ती बांधली होती, तो जेमतेम दोन फूट खाली गेलेला होता. "पाइप जांभ्यावर बसलाय काका, मातीत नाहीच तो," असे ते मालकांना म्हणाले. पावसाळ्यात जांभा खडक पाणी धरून असतो तोवर असा पाइप कसाबसा काम देतो. दिवाळी उलटली की खडक सुकतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. किनाऱ्यावरील निवासांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

मालक काका आदल्या दोन दिवसांत दिसले नव्हते. ते त्या सकाळी आले आणि त्यांना हे पटले. नहाणीचे पाणी जिथे केळीच्या बनात सोडलेले होते तिथे माती बारमाही ओली होती. तिथे खड्डा खणायचे ठरले. मी गाडीच घेऊन गुहागरला गेलो आणि अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, घेऊन आलो, कारण त्या बोर्डावर तोही नव्हता. कोळसा खानावळीतून मिळाला, जाडे मीठ दुकानातून. दोन गड्यांनी खणलेल्या खड्ड्यात पाइप उभा करून कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वरून घागरीने पाणी ओतले आणि तिथून बोर्डापर्यंत नवी जाड तार ओढली. खर्च अर्धा मी दिला. पाच वाजून गेल्यावर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये तीन व्होल्ट दाखवले, फेज आणि अर्थ यांमध्ये २२४. प्लग लावला आणि दिवा हिरवा झाला. त्या क्षणी वाटलेला आनंद गाडी घेतल्याच्या दिवसापेक्षा मोठा होता. रात्री एसी लावून झोपलो आणि सोमवारी सकाळी बॅटरी सत्तरावर होती.

यानंतर मी मुक्काम ठरवताना "चार्जिंग आहे का" असे विचारणे सोडून दिले आहे, कारण त्याला सगळे होच म्हणतात. त्याऐवजी त्यांच्याकडे चार्ज होत असलेल्या एखाद्या गाडीच्या चार्जरचा फोटो मागतो, त्याच महिन्यातला. तो नसेल, तर स्वतःच्या चार्जरचा फोटो पाठवून त्यांच्या वायरमनशी बोलायला मागतो. वीज गेल्यावर जनरेटर लागतो का, हेही विचारून घ्यावे. अनेक लहान जनरेटरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो आणि त्यावर चार्जर तोच लाल दिवा दाखवतो, मग तिथे अर्थिंग कितीही उत्तम असो. सॉकेटमध्ये फेज डाव्या बाजूला असला, तरी काही चार्जर अडून बसतात. तो दोष पाच मिनिटांत सुधारता येतो, म्हणून आधी तेच तपासावे. विजेचे पैसे युनिटप्रमाणे देऊ करावेत, म्हणजे मालकाच्या मनातली अढी जाते. मी सहसा बारा रुपये दर स्वतःहून सांगतो आणि चाळीस युनिटचे पैसे आगाऊ देतो.

चिपळूणसारख्या शेवटच्या मोठ्या गावातील जलद केंद्र ओलांडण्यापूर्वी बॅटरी ऐंशी टक्क्यांवर नेऊन ठेवावी, मग मुक्कामाच्या ठिकाणी कोणी कितीही खात्री दिलेली असो. तिथली अर्ध्या तासाची बचत मला तीन दिवसांना पडली.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात अशा गाड्यांच्या थांब्यांचा विचार आहे. या थांब्यांवर वीज असणे एवढेच पुरेसे मानले जाऊ नये. अर्थिंगची वर्षातून दोनदा, आणि त्यांपैकी एकदा तरी एप्रिल-मे महिन्यात, तपासणी करून आकडा बोर्डावर लिहिण्याची अट असावी, असे माझे ठाम मत आहे. आयएस ३०४३ हे अर्थिंगचे भारतीय मानक आधीपासूनच आहे.

एक गोष्ट वर लिहायची राहून गेली. चार्जर लावल्यावर अर्ध्या तासाने सॉकेट आणि प्लग यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. कोमट असेल तर चालेल, चटका बसत असेल तर लगेच बंद करावे, कारण सैल सॉकेटवर रात्रभर तेरा-चौदा ॲम्पिअर वाहिले की प्लास्टिक वितळते. मी आता चार चौरस मिलिमीटरची पंधरा मीटर केबल सोबत ठेवतो, आणि केबलचा सांधा ओल्या जमिनीला टेकू नये म्हणून तो गाडीच्या आत, बिछान्याखालच्या पेटीत नव्हे, तर बाहेर खुंटीवर, जमिनीपासून हातभर वर टांगतो.