गुरू मावळताना लागलेले ग्रहण

इ.स.पू. 331 मधल्या खग्रास चंद्रग्रहणावर आमच्या तारांगणात कार्यक्रम बसवायचे ठरले आणि त्या रात्रीचे आकाश घुमटावर उभे करण्याचे काम माझ्याकडे आले. तारीख 20 सप्टेंबर. अलेक्झांडरचे सैन्य नुकतेच तैग्रिस नदी ओलांडून आले होते, चंद्र काळवंडताच छावणीत घबराट पसरली, आणि अकराच दिवसांनी गौगामेला येथे इराणचा सम्राट तिसरा दारयुश पराभूत झाला. ग्रीक आणि रोमन लेखकांनी हा प्रसंग रंगवून सांगितला आहे; पण माझी खरी भिस्त होती ती बॅबिलोनच्या ज्योतिषांनी मातीच्या विटेवर उमटवलेल्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या नोंदीवर. चंद्र पूर्ण झाकला गेला तेव्हा गुरू मावळला आणि शनी उगवला, खग्रास अवस्थेत पश्चिमेचा वारा होता आणि ग्रहण सुटताना पूर्वेचा, इतके ती वीट सांगते. ग्रहणात गुरू दिसत असेल तर राजा सुरक्षित, अशी तिथली धारणा असल्यामुळे त्या अस्ताची नोंद त्यांनी किती गांभीर्याने केली असेल, हे सहज समजते.

दुपारी प्रेक्षागृह रिकामे असताना मी बॅबिलोनचे अक्षांश-रेखांश भरले आणि वर्ष उणे 330 दिले, कारण खगोलगणितात शून्य वर्षही धरतात. पृथ्वीच्या परिवलनाची दुरुस्ती सुरुवातीला मुद्दाम बंद ठेवली. चंद्र ग्रासला गेला, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि तोवर गुरू केव्हाच क्षितिजाखाली गेलेला होता. मग दुरुस्ती चालू केली. ग्रहण सुमारे चार तास अलीकडे आले, छाया रात्रीच्या पहिल्या भागातच चढू लागली, आणि बिंबाचा शेवटचा उजळ काठ बुजत असताना समोरच्या बाजूला गुरू क्षितिजाला टेकला. प्रक्षेपकाशी बसलेले आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, जरा मागे घ्या, गुरू परत बघू द्या." आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहिले.

भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे फिरणे मंदावते आहे. दिवस शतकाला जेमतेम पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो, परंतु हा फरक रोजच्या रोज साचत जाऊन तेवीस शतकांत चार तासांच्या घरात पोहोचतो. दुरुस्तीचा आकडा जुन्या नोंदींवरूनच काढलेला असताना तो जुळणारच, अशी शंका कोणी घेईल आणि ती रास्तही आहे. मात्र तो आकडा या एका विटेवर उभा नसून बॅबिलोन, चीन, ग्रीस आणि अरब जगतातल्या कितीतरी ग्रहणांवरून बसवलेला आहे.

कार्यक्रमात प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने दिलेली वेळही घ्यावी, अशी सूचना आली होती. हेच ग्रहण गौगामेलाजवळच्या आर्बेला येथे रात्रीच्या पाचव्या तासाला आणि दूर पश्चिमेला, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला दुसऱ्या तासाला दिसले, असे तो लिहितो. तीन तासांचे अंतर म्हणजे 45 रेखांश होतात. प्रत्यक्षात ते 34 च्या आसपास आहे. एकाच ग्रहणाच्या दोन ठिकाणच्या वेळांवरून रेखांश काढण्याची ती कल्पना अतिशय मोलाची होती, हाती आलेल्या वेळा मात्र कच्च्या होत्या. म्हणून संहितेत मी टॉलेमीची पद्धत समजावून सांगितली आणि वेळ विटेवरची ठेवली.