एकोणीस दिवसांचं चोंदलेलं नाक

सर्दी घरात आणली ती मीच. लेक 19 दिवसांची होती. मला दोन-चार शिंका आल्या, त्या मी धुळीच्या नावावर खपवल्या आणि तिला खांद्यावर घेऊन मजेत फिरत राहिलो. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला तिच्या नाकातून असा आवाज यायला लागला, जणू पेल्याच्या तळाचं शेवटचं पाणी कुणी स्ट्रॉने ओढतंय.

बायको पाजायला बसली. लेकीने दोन-तीन घोट घेतले, तोंड सोडवलं, दम घेतला, रडली, परत तोंड लावलं, परत सोडलं. पाच मिनिटांत तिघंही घामाघूम. एवढी लहान बाळं श्वास मुख्यतः नाकानेच घेतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आपलं नाक बंद झालं की आपण तोंड उघडं टाकून झोपतो. त्यांना ते तितकंसं जमत नाही, त्यात दूध पिताना तोंड गुंतलेलं. शिवाय नाकाची वाट मुळातच इतकी अरुंद, की थोडासा शेंबूडही मोठा गोंधळ घालतो.

मग मी शहाणपणा केला. नाक साफ करायचा एक रबरी फुगा कुणीतरी भेट दिलेला होता. त्याचं टोक तिच्या नाकपुडीत ठेवलं आणि दाबलं. म्हणजे शेंबूड ओढायच्या ऐवजी आत हवा फुंकली! ती जी कळवळून रडली, ते आठवलं की अजून मान खाली जाते. चूक कळल्यावर नीट ओढून पाहिलं, पण आत सगळं सुकून बसलेलं, काही येईना. मी हट्टाने तिसऱ्यांदा ओढलं, तेव्हा टोकावर रक्ताची बारीक रेघ आली. बायकोने फुगा माझ्या हातातून काढून घेतला, एक शब्दही न बोलता.

सकाळी डॉक्टरबाईंकडे गेलो. मी नाकाचं पुराण सांगत होतो आणि त्यांनी नाकाकडे पाहिलंच नाही. लेकीचं झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि तिच्या पोटाकडे बघत बसल्या. पूर्ण एक मिनिट. मग म्हणाल्या, "46. छान आहे. आवाजाला घाबरू नका, श्वास मोजायला शिका."

मग मलाही मोजायला लावलं. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला साधारण 30 ते 60 असतात. बाळ शांत असताना मोजायचे, आकडा 60 किंवा वर आला तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तेवढाच आला तर घरी थांबायचं नाही. 15 सेकंद मोजून चारने गुणायची युक्ती इथे चालत नाही, कारण या वयाची बाळं पाच-दहा सेकंद थांबतात आणि मग भराभर श्वास घेतात. ते थांबणं पाहून माझाच श्वास अडकला होता. पण थांबणं 20 सेकंदांवर गेलं, ओठ निळसर दिसले, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, नाकपुड्या फुलल्या, बाळ कण्हायला लागलं किंवा पिणंच सोडून मलूल पडलं, तर तडक हॉस्पिटल. आणि ताप! तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा जास्त ताप भरला तर बाकी काही नसलं तरी लगेच दाखवायचं. घरी औषध देऊन वाट बघायची नाही.

औषध म्हणून मिळाले फक्त सलाइनचे थेंब. मिठाचं पाणी! मी जरा हिरमुसलोच. पण जादू थेंबांत नव्हती, वेळेत होती. पाजण्याच्या थोडं आधी एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब सोडायचे आणि मिनिटभर काहीही न करता बसायचं. सुकलेलं भिजतं, सुटतं. पहिल्याच खेपेला तिने अशी शिंक दिली की पांढरा लांबलचक दोरा थेट माझ्या बाहीवर. इतका आनंद मला शेंबडाने कधी दिला नव्हता! आलं नाही तरच फुगा, तोही आधी बाहेर दाबून, टोक जेमतेम नाकपुडीच्या तोंडाशी ठेवून, हलकेच सोडायचा. दिवसातून फार वेळा नाही, नाहीतर आतली त्वचा सुजून नाक आणखी बंद होतं. आणि पोट भरल्यावर तर नकोच, प्यालेलं सगळं बाहेर येतं.

माझी आई बाम घेऊन तयारच होती. "छातीला जरासा चोळ रे, मोकळी होईल." कापूर, मेंथॉलवाला बाम इतक्या लहान बाळाला चालत नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हटल्यावर तिने तो ठेवून दिला, पण रुसली. डोक्याखाली घडी ठेवायचाही बेत होता, तोही फसला. झोपवायचं पाठीवर, सपाट. उभं धरायचं ते जागेपणी, आपल्या कुशीत.

चौथ्या दिवशी बायकोलाही सर्दी झाली. पाजणं थांबवायचं नाही, मास्क लावून आणि हात धुऊन पाजत राहायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. एका वेळी लेक कमी प्यायची, म्हणून पाजण्याच्या वेळा वाढवल्या. पुरतंय की नाही ते ओल्या डायपरवरून कळायचं. दिवसाला सहा भरले की आम्ही निर्धास्त.

मी एक वही केली. वेळ, श्वास, दूध, शू. एका पहाटे आकडा आला 64. गाडीची किल्ली हातात घेतली, तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, आत्ता रडून थांबलीये ती." दहा मिनिटं कुशीत घेऊन बसलो. 48. मधे शेंबूड हिरवट झाला, तेव्हा मी पुन्हा फोन लावला. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक लागत नाही, असं उत्तर मिळालं.

दहाव्या रात्री मला दचकून जाग आली. आवाज येत नव्हता म्हणून. दिवा मंद केला, झबलं वर केलं, मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि ते इवलंसं पोट वर-खाली होताना बघत बसलो.

"किती?" बायकोने डोळे न उघडताच विचारलं.

"42."