ताणलेली केबल तुटत कशी नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि भेटेल तो हेच विचारतो म्हणून, एकदा नीट लिहितो. प्रीस्ट्रेस्ड गर्डरमधली, म्हणजे पुलाच्या काँक्रीटच्या तुळईतली, पोलादी केबल आधीच एवढी ओढलेली, मग वरून ट्रक गेले की ती तुटत कशी नाही?

तुटेल कशाला? तिला तीन-चतुर्थांश ताकदीपर्यंत ओढतात, हे खरं. पण ओढतात ती काँक्रीट दाबून धरायला. वजन आलं की गर्डरच्या तळाचा तो दाब आधी कमी होतो. काँक्रीटला तडा जाईपर्यंत केबलचा ताण जेमतेम काही टक्के वाढतो. उलट काँक्रीट आकसतं, दाबाखाली आखूड होत जातं, पोलादही थोडं सैलावतं, त्यामुळे ताण उतरतोच. साध्या पोलादाचा ताण तर असाच जवळपास सगळा विरायचा; फ्रेंच अभियंता फ्रेसिनेने 1928 च्या पेटंटात उच्च ताकदीच्या तारांचा आग्रह धरला तो म्हणून. केबलची खरी परीक्षा जॅकवर, म्हणजे ती ओढणाऱ्या यंत्रावर, होते.

आणि तिथेच एकदा माझं भांडण झालं. 30 मीटरचा गर्डर, इलाँगेशन, म्हणजे ओढल्यावर केबलची वाढलेली लांबी, 200 मिलिमीटरच्या आसपास यायला हवं होतं. गेजवर प्रेशर पूर्ण, पण स्ट्रँडवरची (केबलच्या तारांच्या पिळावरची) रंगाची खूण 120 वर थांबली. सगळे म्हणाले, प्रेशर आलंय ना, वेज (ओढलेली केबल पकडून ठेवणारी पाचर) बसवा. मी नाही म्हणालो. प्रेशर फक्त जॅकपाशी किती जोर आहे ते सांगतं, पलीकडच्या टोकाला काय पोचलं ते नाही. ताण उतरवून दुसऱ्या टोकाने ओढलं, तर 80. दोन्हींची बेरीज 200! म्हणजे केबल मध्येच, पहिल्या टोकापासून 18 मीटरवर, घट्ट धरली गेली होती. तिथे काँक्रीट फोडलं. शीथिंगचा, म्हणजे केबलभोवतीच्या नळीचा, सांधा उघडा पडून सिमेंटची स्लरी आत शिरली होती आणि दगड झाली होती. काम थांबवणारा म्हणून मला जे ऐकावं लागलं, ते अजून टोचतं. पण तशीच वेज बसवली असती तर अर्ध्या गर्डरला हवा तो दाब मिळालाच नसता.

पूर्वी मी इथेच थांबायचो: ताण बसला, केबल गंजू नये म्हणून नळीत ग्राउट (सिमेंटचा पातळ लगदा) भरलं, काळजी मिटली. ते अगदीच चूक नव्हतं. पण वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल 1985 साली गर्डरच्या तुकड्यांमधल्या सांध्यांजवळच्या केबल गंजून, आधी काही न दाखवता कोसळला. ग्राउटच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विचारायचंच असेल तर हे विचारा: दुसऱ्या टोकातून घट्ट, बुडबुड्यांशिवाय ग्राउट येईपर्यंत तिथे कोण उभं होतं?